टायरच्या हवेचा दिवा लागला? आधी गेज, मग डीलर

माथेरानच्या घोड्याच्या नालासारखा आकार, मध्ये उद्गारचिन्ह, रंग पिवळा. डॅशबोर्डवर हा दिवा लागला की माणूस एक तर पंक्चरवाल्याकडे धावतो, नाहीतर थेट कंपनीच्या वर्कशॉपकडे. पोशीर, कळंब, कशेळे या पट्ट्यात राहणाऱ्यांना ही दुसरी धाव महागात पडते. हवा आणि पंक्चर यांची सोय नेरळ-कर्जतला होते, पण तुमच्या गाडीच्या कंपनीचा स्कॅनर आणि वॉरंटीच्या कागदावर सही करणारा माणूस बहुधा पनवेल नाहीतर कल्याणकडे बसलेला असतो. त्यात अख्खा दिवस मोडतो, आणि तिथे पोचल्यावर दिवा नेमका विझलेला असतो. ‘साहेब, गाडीत काहीच प्रॉब्लेम नाही,’ हे ऐकून परत यायचं.

ही फेरी वाचवायची, किंवा निदान एकाच फेरीत काम उरकायचं, तर निघण्याआधी अंगणात अर्धा तास द्या. बिघाड हवेचा आहे, चाकातल्या सेन्सरचा आहे की गाडीच्या संगणकातल्या नोंदीचा, हे आकड्यांत सांगता आलं तर डीलरशी होणारं निम्मं भांडण होतच नाही.

तुमच्या गाडीत सेन्सर आहे का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण हवेचा दिवा असलेल्या प्रत्येक गाडीच्या चाकात सेन्सर नसतो. यंत्रणा दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, काडेपेटीहून लहान सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजून रेडिओलहरींनी गाडीला कळवतो. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसतं. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित घटतो आणि ते बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरतं. एबीएस ब्रेकसाठी बसवलेले वेगाचे सेन्सर हा फरक टिपतात आणि संगणक अंदाजाने दिवा लावतो.

ओळखायचं कसं? पडद्यावर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर चाकात सेन्सर आहेत. नुसता दिवा लागत असेल आणि मेनूत हवेचा दाब ‘सेट’ किंवा ‘रिसेट’ करण्याची सोय असेल, तर बहुधा दुसरा प्रकार. खात्री गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. हे माहीत असणं खिशाच्या हिताचं आहे. ज्या चाकात सेन्सरच नाही, त्याच्या सेन्सरचं एस्टिमेट कुणी पुढे केलं तर तुम्हाला तिथेच थांबवता येतं.

दिवा वाचायला शिका

किल्ली फिरवल्यावर दिवा क्षणभर लागून विझतो, ती त्याची स्वतःची चाचणी असते. गाडी सुरू झाल्यावर तो स्थिर पेटून राहिला तर अर्थ सरळ आहे: एखाद्या तरी चाकात हवा कमी आहे. तो आधी मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ यंत्रणेतच बिघाड आहे, असा असतो. लुकलुकणाऱ्या दिव्यावर हवा भरून उपयोग नाही, आणि स्थिर दिव्यावर सेन्सर बदलून उपयोग नाही. वर्कशॉपमध्ये पहिला प्रश्न हाच असायला हवा, पण तो क्वचित विचारला जातो. म्हणून गाडी सुरू करतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा.

थंड टायर, स्वतःचा गेज

हवा मोजायचा गेज काही शे रुपयांत मिळतो. तो स्वतःचा हवा, कारण पंपावरचा गेज किती खरा बोलतो हे पंपवाल्यालाही ठाऊक नसतं. मोजायची वेळ सकाळची, गाडी रात्रभर उभी असताना. किती हवा हवी, तो आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेला कोरलेला मोठा आकडा टायरची कमाल मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरायची नसते.

आपल्याकडे थंडीत निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. तपमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने उतरलं की टायरचा दाब सुमारे 1 पीएसआयने घटतो. समजा, डिसेंबरच्या दुपारी पनवेलहून येताना पंपावर थांबून 33 पीएसआय हवा भरली. धावून धावून टायर तेव्हा 50 अंशांपर्यंत तापलेला होता. दुसऱ्या दिवशी पोशीरच्या पहाटे, पारा 16 वर असताना, तोच टायर 28 दाखवील. गळती नाही, पंक्चर नाही. त्यात चांगल्या टायरमधूनही महिन्याकाठी 1 पीएसआयच्या आसपास हवा आपोआप झिरपते. दोन महिन्यांनी आकडा 25-26 वर येतो आणि एका गार सकाळी दिवा पेटतो. कर्जतला पोचेपर्यंत टायर तापतो, दाब वाढतो, दिवा विझतो. ‘सकाळी लागतो, दुपारी जातो’ अशा दिव्याला सेन्सरची नाही, थंड टायरमध्ये नीट हवा भरण्याची गरज असते.

हवा भरल्यावर दिवा लगेच विझला नाही तरी घाबरू नका. बॅटरी वाचवण्यासाठी उभ्या गाडीचे सेन्सर बहुतांश वेळ झोपलेले असतात आणि चाक फिरू लागल्यावर जागे होतात. कळंबपर्यंत एक चक्कर मारा, मग पाहा.

हवा जाते कुठून?

एकाच चाकातली हवा आठवड्याला 2-3 पीएसआयने उतरत असेल तर दिवा खरं बोलतोय. भांडी घासायचा साबण पाण्यात कालवा आणि चाकावर ओता: नक्षीवर, रिम आणि टायर जिथे भेटतात त्या कडेवर, आणि व्हॉल्व्हवर. बुडबुडा जिथे फुगतो तिथे गळती. पंक्चरवाला व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट फिरवून हेच पाहतो. बुडबुडा तोंडावर आला तर आतली पिन घट्ट करून किंवा बदलून भागतं. तो व्हॉल्व्हच्या मुळाशी आला तर तिथलं रबर गेलेलं असू शकतं. धातूच्या व्हॉल्व्हच्या अनेक सेन्सरांत रबर, नट आणि पिन यांचा वेगळा संच बदलता येतो. हजारोंचा सेन्सर टाकून देण्याआधी तो संच मागून पाहा.

पावसाळ्यानंतर रिमच्या कडेचा बुडबुडा जास्त आढळतो. खड्ड्यात आपटून रिमला पोक आलेला असतो, नाहीतर अलॉयच्या कडेला गंज धरलेला असतो. दोन्ही दुखणी रिमची आहेत, सेन्सरची नव्हेत.

हवा बरोबर, तरी दिवा

गेज आणि पडदा यांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. 1-2 पीएसआयचा फरक सोडून द्या. त्यापुढे असं पाहा:

1. एकाच चाकाचा आकडा गायब किंवा साफ चुकीचा. संशय त्या सेन्सरवर. त्याची बॅटरी साधारण 5 ते 10 वर्षं टिकते. ती आत सीलबंद असल्याने सहसा बदलता येत नाही, पूर्ण सेन्सर बदलावा लागतो.

2. चारही आकडे एकाच वेळी गायब. चार सेन्सर एकाच सकाळी मरत नाहीत. फ्यूज, लहरी पकडणारा रिसीव्हर, गाडीची बॅटरी काढल्यानंतर राहून गेलेली नोंदणी किंवा लहरींतला अडथळा, हे आधी तपासलं पाहिजे. सिगारेट-लायटरच्या जागी लावलेला स्वस्त चार्जर किंवा डॅशकॅम काढून पाहा. ‘चारही सेन्सर टाकावे लागतील’ असं पहिल्याच भेटीत कुणी म्हणालं, तर स्कॅनरवरचा कोड दाखवा म्हणा.

3. सहा-सात वर्षांच्या गाडीत काही महिन्यांच्या अंतराने एकेक सेन्सर जातोय. इथे मात्र चारही बदलण्याचा सल्ला रास्त असू शकतो. सगळ्यांच्या बॅटरीचं वय एकच असतं, आणि नवे टायर टाकताना सेन्सर बदलले तर चाक दोनदा उघडावं लागत नाही.

4. स्टेपनी लावल्यापासून दिवा लुकलुकतोय. बऱ्याच गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो. मूळ चाक परत बसलं की दिवा जातो.

5. टायर पुढचे मागे केल्यावर आकडे उलटसुलट झालेत. काही गाड्या नवी जागा आपोआप ओळखतात, काहींना स्कॅनरने शिकवावी लागते. पडताळायला मागच्या डाव्या चाकातून 3-4 पीएसआय हवा सोडा, थोडं चालवा आणि पडद्यावर कुठला आकडा उतरतो ते पाहा. दुसऱ्याच चाकाचा उतरला तर नोंद चुकली आहे. ती तशीच राहिली तर उद्या पुढच्या चाकातली हवा जाईल आणि तुम्ही मागच्या चाकात भरत बसाल. सोडलेली हवा परत भरायला विसरू नका.

सेन्सर नसलेल्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या गाडीत एक पथ्य पाळा. चारही चाकांत थंड टायरला योग्य हवा भरूनच ‘सेट’ दाबा. हवा कमी असताना दाबलंत तर तीच कमी हवा बरोबर आहे, असं गाडी शिकते आणि दिवा गप्प बसतो. चारही टायर सारखेच उतरले तरी या यंत्रणेच्या ते लक्षात न येण्याचा संभव असतो, म्हणून पंधरवड्याला गेज लावायलाच हवा.

पंक्चरवाल्याला आधी सांगा

चांगले सेन्सर तुटतात ते टायर उतरवताना. मशिनचा दाबणारा फाळ व्हॉल्व्हजवळ बसला तर सेन्सर जागीच चिरतो. टायर रिमवरून काढायची वेळ आली तर ‘व्हॉल्व्हखाली सेन्सर आहे’ हे चाक खोलण्याआधी सांगा आणि त्या जागी खडूची खूण करा. बाहेरूनच पट्टी घालून निघणाऱ्या पंक्चरमध्ये ही भीती नाही. पंक्चर बुजवणारं द्रव औषध मात्र विचारून टाका. सेन्सरला चालणारं नसेल तर ते त्याचं तोंड बुजवतं. चालणारं असलं तरी पुढे टायर उघडाल तेव्हा सेन्सर पुसून घ्या. व्हॉल्व्हच्या टोप्या प्लास्टिकच्याच ठेवा. शोभेच्या धातूच्या टोप्या अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर गंजून बसतात आणि काढताना व्हॉल्व्ह मोडतो.

जॉबकार्डवर काय लिहून घ्यायचं

वर्कशॉपमध्ये तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंत विरून जातं. उरतं ते जॉबकार्ड. सर्व्हिस अॅडव्हायझर घाईत ‘टायर सेन्सर चेक’ एवढंच टाइप करतो आणि त्याला ‘चेक केलं, ओके’ हे उत्तर तयारच असतं. सही करण्याआधी तुमची तक्रार आकड्यांसकट घालायला लावा. मजकूर असा असू शकतो: ‘मागच्या उजव्या चाकाचा दाब पडद्यावर दिसत नाही. थंड टायरला गेजवर 33. सुरू करताना दिवा लुकलुकून स्थिर होतो. हवा तपासली, चार्जर काढून पाहिला, फरक नाही. व्हिडिओ सोबत.’ तारीख आणि किलोमीटर कार्डावर असतातच, ते बरोबर आहेत ना हे पाहा.

गाडी परत घेताना चार गोष्टी मागा. स्कॅनरवर आलेला कोड. संबंधित सेन्सरच्या बॅटरीची स्थिती, कारण बऱ्याच स्कॅनरना ती वाचता येते. काढलेला जुना सेन्सर. आणि नवा बसवला असेल तर त्याच्या वॉरंटीची नोंद असलेलं बिल. वॉरंटीतला जुना भाग कंपनी ठेवून घेते. तेव्हा निदान त्याचा फोटो काढा. पैसे देऊन बदललेला भाग मात्र मागायला संकोच नको. पार्किंगमधून निघण्याआधी अॅडव्हायझरला शेजारी बसवून एक चक्कर मारा आणि चारही आकडे पडद्यावर पाहूनच गेटपास घ्या. पोशीरला आल्यावर दिवा पुन्हा लागला तर दुसरा दिवस जातो, म्हणून ही दहा मिनिटं खर्च कराच.

आवाज चढवून फायदा नसतो. समोरचा अॅडव्हायझर दिवसभर तेच ऐकत असतो. ‘हे उत्तर मला ईमेलवर द्या’ हे शांतपणे म्हटलेलं वाक्य त्याला जास्त लागू पडतं.

‘वॉरंटीत बसत नाही’ म्हणाले तर

टायरची वॉरंटी टायर कंपनीची असते. सेन्सर मात्र गाडीबरोबर कंपनीनेच बसवून दिलेला भाग आहे. तो वगळला आहे का, हे वॉरंटी पुस्तिकेत वाचा, आणि वगळला असेल तर ते कलम दाखवायला सांगा. ‘तुम्ही टायर बाहेर उघडला’ हे नेहमीचं कारण. सेन्सर आपटून तुटला असेल तर त्यावर खूण दिसते. ती दाखवा म्हणा. खूण नाही आणि बॅटरी मेलेली, तर बाहेरच्या पंक्चरचा त्याच्याशी काय संबंध, हे लेखी मागा.

भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,500 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं, हा त्यातला मुख्य आरोप. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असंही आयोगाने सांगितलं. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या, त्यामुळे हा आदेश काउंटरवर हुकमाच्या पानासारखा टाकता येणार नाही. पण आपलं म्हणणं तर्काला धरून आहे, एवढा धीर त्यातून मिळतो.

स्टेपनीशिवाय आलेल्या गाडीच्या मालकाजवळ आणखी एक मुद्दा आहे. जुलै 2020 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल, तर छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची राहिली नाही. तुमच्या गाडीची स्टेपनी या सवलतीवर गेली असेल, तर हवेचा दिवा चैनीची वस्तू ठरत नाही. तो त्या सवलतीच्या अटींपैकी एक आहे, आणि पत्रात हे अवश्य लिहावं.

डीलर ऐकत नाही, मग?

पायऱ्या क्रमाने चढा: सर्व्हिस मॅनेजर, मग गाडीचा चॅसिस क्रमांक आणि जॉबकार्ड क्रमांक देऊन कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र, मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. बरीच प्रकरणं इथे मिटतात, कारण तक्रार डीलरच्या डोक्यावरून कंपनीकडे पोचते.

त्यानंतर ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. डीलर कल्याणचा, म्हणजे ठाणे जिल्ह्यातला असला तरी पोशीरच्या माणसाला रायगडच्या आयोगाकडे, अलिबागला, दाद मागता येते. ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार ऑनलाइन दाखल होते. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची असते, म्हणून ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ या आश्वासनावर वर्षं घालवू नका.

तक्रार कुणाविरुद्ध करायची, हे गोव्यातल्या एका खटल्यातून शिकावं. तिथल्या ग्राहकाने 2011 सालची गाडी म्हणून पैसे मोजले. हाती आलेली गाडी 2009 ची होती आणि 622 किलोमीटर धावलेली होती. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून मोकळं केलं. डीलरने केलेल्या फसवणुकीत कंपनीचा हात किंवा माहिती होती, असं नेमकेपणाने मांडलं गेलं नव्हतं. डीलर हा स्वतंत्र व्यापारी असल्याने त्याचं कृत्य आपोआप कंपनीच्या माथी बसत नाही. म्हणून तक्रारीत दोघांनाही घ्या आणि कुणी काय केलं ते वेगवेगळं लिहा. भागात दोष असेल तर तो कंपनीचा, दुरुस्तीत हयगय असेल तर ती डीलरची.

उलट बाजूचाही निकाल आहे. एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाईविरुद्ध ग्राहकाची बाजू उचलून धरली. धडक किती जोराची होती याचं गणित ग्राहकाने मांडावं, अशी अपेक्षा न्यायालयाने ठेवली नाही. ‘तुम्हाला यातलं तांत्रिक कळत नाही’ असं काउंटरवर कुणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

गाडी घेताना

नवी गाडी ताब्यात घेताना चारही आकडे पडद्यावर पाहा आणि गेजशी ताडून घ्या. कारखान्यातून येताना टायर बऱ्याचदा जास्त फुगवलेले असतात. हवा स्टिकरप्रमाणे करून मागा. जुनी गाडी घेताना किल्ली फिरवून हवेचा दिवा क्षणभर लागतो का, ते पाहा. जो दिवा कधीच लागत नाही, तो कुणीतरी गप्प केलेला असू शकतो. टायरवरचे चार आकडेही वाचा: 2325 म्हणजे 2025 च्या 23 व्या आठवड्यातला टायर.

दिवा दुरुस्त होईपर्यंत

सेन्सर मागवल्यावर यायला वेळ लागतो. तोवर गाडी उभी करून ठेवण्याचं कारण नाही. सेन्सर मेला म्हणून टायर खराब होत नाही. फक्त दिव्याचं काम तुम्ही करायचं. आठवड्याला एकदा, आणि खालापूरकडून द्रुतगती मार्गावर चढायचं असेल त्या सकाळी नक्की, थंड टायरला गेज लावा. कमी हवेचा टायर वेगात जास्त दुमडतो, दुमडून तापतो आणि तापून फुटतो. घाटात, भरलेल्या गाडीत, उन्हाळ्याच्या दुपारी हा धोका सर्वांत जास्त. मागे माणसं आणि सामान भरलं असेल तर स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा वापरा. तो वेगळा छापलेला असतो. एखादं चाक आदल्या आठवड्यापेक्षा 3 पीएसआयने उतरलेलं दिसलं, तर हवा भरून तसंच निघू नका. साबणाचं पाणी आधी, प्रवास नंतर.